जयदेवची शपथ

गावदेवीचं सगळं बघणाऱ्या येसूकाकीने पदराच्या टोकाने जयदेवच्या तळहातावरचा भंडारा पुसून घेतला आणि म्हणाली, "तुझा नको. तुझा धरत नाय." रागाने नाही. लहान पोराचं नाक पुसावं तसं तिने पुसलं, त्याला दंडाला धरून बाजूला सारलं आणि मागच्याला पुढे बोलावलं, "ये रं, पुरं ये." जयदेव बाजूला सरला. दुसरं काय करणार? गावदेवीच्या देवळाच्या अंगणात त्या रविवारी अख्खं तळवली जमलं होतं. घरटी एक माणूस रांगेत उभा होता आणि प्रत्येकजण उजव्या तळहातावर आईचा भंडारा घेऊन, जयदेवच्या चुलतभावाने, मितेशने, पुढे धरलेल्या माइकमध्ये एकच वाक्य बोलत होता: गाव सांगेल त्याच्या बाहेर मी जाणार नाही. बिल्डरला टॉवर बांधायला गाव हवं होतं, गावाला ते द्यायचं नव्हतं, आणि एकेकाला गाठून फोडायचा उद्योग सुरू झाला होता, म्हणून संघर्ष समितीने ही शपथ ठेवली होती. जयदेवला तर घर द्यायचं नव्हतंच. बापाने खोलीवर खोली चढवून बांधलेलं घर, मागच्या दाराशी म्हाताऱ्या आईची खाट, त्या दारातून दिसणारी खाडीकाठच्या तिवरांची पट्टी. म्हातारीने साफ सांगितलं होतं, मना हितनाच न्यायचं. त्यामुळे भाजीवालीकडून कोथिंबीर घ्यावी इतक्या सहज त्याने हात पुढे केला होता. हळदच ती, तिला घाबरायचं काय? आणि ती हळद काकीने परत घेतली.

त्याला खरं तर हसू यायला हवं होतं. आलं नाही. ग्रुप फोटो काढताना कुणीतरी आपल्याला जरा बाजूला व्हायला सांगावं तसं वाटलं, आणि आपल्याला असं वाटतंय याचाच राग आला. जयदेव देव मानत नाही हे गावाला कॉलेजच्या दिवसांपासून माहीत होतं. जयदेव वांगी खात नाय, जयदेव देव मानत नाय, असं एकाच सुरात लोक सांगत. जत्रेला तो सगळ्यांच्या आधी हजर. पालखीला खांदा देई, मटणाच्या पंगतीत वाढायला उभा राही, वर्गणी मागायला फिरे, हळदीला नाचेसुद्धा. कुणी कधी विचारलं नाही की बाबा, तुझ्या मनात काय आहे. यावरून त्याने एक सिद्धांतही बसवला होता आणि वाशीच्या विवेक मंचात तो मोठ्या ऐटीत मांडलाही होता: गावात राहायला श्रद्धा लागत नाही, हजेरी लागते. टाळ्या पडल्या होत्या. आता एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी श्रद्धा मागितली, तर खिसा रिकामा.

"मंग याचं काय करायचं?" पिठाच्या गिरणीवाला मागून म्हणाला. मितेश समितीचा अध्यक्ष, तो जरा ओशाळला. "दादा आपलाच हाय रे. टेन्शन नको घेऊ." "आपला हाय ते हायच," गिरणीवाला म्हणाला, "पन आमी शपथ मोरली तं आई आमाला बघून घेल. याला कोन बघंल? उद्या यानं सही केली तं याला अरवनार कोन?" प्रश्न बिनतोड होता. जयदेवला स्वतःलाही तो पटला, हीच पंचाईत. तो म्हणाला, "माझा शब्द आहे." लोकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने बाद झालेली जुनी पाचशेची नोट पुढे केली होती. एवढ्यात मितेशचा चेहरा उजळला. अडचणीतून वाट काढायची त्याला लहानपणापासून हौस. "दादा, तू देवाला मानत नाय, ठीक हाय. पोरीला तं मानतोस ना? तिच्या डोक्यावर हात ठेव नि बोल. फिनिश." बायकांच्या घोळक्यात त्याची मुलगी अर्पिता मोबाइलवर सगळं शूट करत उभी होती. आजीला देवळात आणायचं म्हणून आलेली. तिने मोबाइल मैत्रिणीच्या हातात दिला आणि हसत पुढे आली. "ठेवा ना बाबा. पटकन. मला ऑफिसचा कॉल आहे." आणि फोटोला वाकावं तशी मान वाकवली.

जयदेवने हात ठेवला. केस उन्हाने गरम झालेले, भांगात ऊन शिरलेलं, तळव्याखाली प्लास्टिकचा एक चिमटा. आणि एकदम त्याला तिची टाळू आठवली. पनवेलच्या दवाखान्यातून तिला आणली तेव्हा ती पातळ जागा श्वासासारखी वरखाली होत असे आणि तो तिथे बोट टेकवायलाही भीत असे. आता त्या जागी हाड होतं, चांगलं घट्ट, ऐरोलीच्या कंपनीत पगार कमावणारं. माइकमध्ये त्याचा आवाज आला, त्याचा त्यालाच परका वाटला: गाव सांगेल त्याच्या बाहेर मी जाणार नाही. येसूकाकीने अर्पिताच्या कपाळाला भंडारा लावला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "धरली." लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. गिरणीवाल्याने येऊन पाठीवर थाप मारली. जयदेव गावात परत आला होता. त्याने तळहात पँटला पुसला.

वेड्या, तू खरं तेच बोललास, घरी येताना तो स्वतःला समजावत होता. तुला विकायचं नाही, गावाला विकायचं नाही, मग मोडणार काय आणि कशाला? समजूत पटत होती, तरी तो ती पुन्हा पुन्हा घालत होता. गल्लीत दोन्ही बाजूंना चढलेल्या इमारती, भाडोत्री पोरांचे गॅलरीत वाळत घातलेले कपडे, वर आभाळाची एक चिंधी. याच गल्लीत त्याने अर्पिताच्या मनगटावरचा काळा दोरा कापला होता. ती तीन वर्षांची होती, ताप उतरत नव्हता, आईने येसूकाकीकडून दोरा मंतरून आणून बांधला होता. जयदेवने ओटीवर सगळ्यांच्या देखत कात्री मागवली, दोरा कापला आणि पोरीला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. चौथ्या दिवशी पोरगी पेज मागू लागली. ही गोष्ट त्याने मंचात किती वेळा सांगितली असेल. शाळांमधून, कॉलेजांमधून, एकदा तर बेलापूरला मोठ्या सभागृहात. कात्रीशी आला की जरा थांबायचा, लोक पुढे झुकायचे. त्या गोष्टीचा दुसरा भाग त्याने कुठेच सांगितला नव्हता. अर्पिताच्या पाठचा तेजस. त्यालाही ताप, त्यालाही दोरा, तीच कात्री, तीच ओटी, तोच डॉक्टर. तेजस राहिला नाही. डेंग्यू होता, प्लेटलेट कोसळल्या, रिपोर्ट आहे, कुणीही वाचावा. गावात कुणी त्याला चकार शब्दाने काही म्हटलं नाही. आई बोलली नाही, बायको, नमिता, बोलली नाही. त्या न बोलण्यात तो सोळा वर्षं राहत होता. दोन पोरं, दोन दोरे. मंचावर तो एकाचाच हिशेब द्यायचा, आणि तोही टाळ्यांच्या बोलीवर.

पावसाळा सरता सरता गावाचा शब्द फिरला. आधी कुजबुज, मग बैठक, मग फलक. बिल्डर आधी गावदेवीचं देऊळ बांधून देणार होता, काळ्या दगडाचं, कळसासकट. शिवाय समितीच्या प्रत्येकाला कोपऱ्याचा फ्लॅट. तो फ्लॅट कशाबद्दल, ते कुणी बोललं नाही. मितेश घरी आला, ओटीवर बसला, आजूबाजूला बघत म्हणाला, "दादा, गावानं ठरवलंय. चार वर्सं कामोठ्याला भाड्यानं राह्यचं, मंग टॉवर. लिफ्ट, पार्किंग, सगलं." जयदेव म्हणाला, "अरे, शपथ तर न विकायची होती." मितेशला खरोखर आश्चर्य वाटलं. "तसं कुठं बोललो आपन? गाव सांगंल त्याच्या भायेर जानार नाय, असं बोललो. आता गाव सांगतंय." तो लबाडी करत नव्हता, हेच भयंकर होतं. मितेश श्रद्धाळू होता. दर मंगळवारी उपास करायचा आणि आईच्या दगडी देवळासाठी त्याने मनापासून गाव विकलं होतं. आतल्या खाटेवरून जयदेवची आई गोजरा खोकली. मितेशने आवाज खाली आणला. "गोजराकाकीला समजव जरा. मंगलवारी ऑफिसला ये सहीला."

ज्यांना सही करायची नव्हती असे आणखी दोघेतिघे गावात निघाले. गिरणीवाला त्यातलाच. त्याची गिरणी टॉवरमध्ये कुठे बसणार होती? तो सरळ येसूकाकीकडे गेला, आईला कोंबडा दिला, कान धरून चूक कबूल केली, आणि काकीने त्याच्या डोक्यावरून नारळ उतरवून शपथ सोडवली. सही नाही, आणि गिरणी चालूच. समितीनेही काही म्हटलं नाही. आईनंच सोरला तं आपन कोन, मितेश म्हणाला. जयदेवने हे ऐकलं आणि ओटीवर बसल्या बसल्या हसला, मग त्याचं हसू मावळलं. देव मानणाऱ्यांची केवढी सोय होती. शपथ घ्यायलाही ठिकाण, मोडायलाही ठिकाण. त्यांची आई रागावते आणि कोंबडा घेऊन गप्पही होते. आपण उगाच इतकी वर्षं समजत होतो की ही माणसं भीतीने बांधलेली आहेत आणि आपण मोकळे आहोत. त्याला त्यांचा हेवा वाटला, चक्क हेवा. दोन दिवस त्याने तो दाबून ठेवला, मग रबाळ्याच्या कामावरून परतताना स्कूटर घराकडे न वळता देवळाकडे वळली.

येसूकाकी देवळामागच्या पडवीत सुका जवळा निवडत बसली होती. जयदेव तिच्यासमोर उकिडवा बसला. मंचातल्या कुणी बघितलं तर, हा विचार डोक्यात येऊन गेला. "काकी, माझी शपथ सोडव." तिने मान वर केली नाही. "कोंबडा आणतो," तो म्हणाला, आणि स्वतःच्या तोंडून ते ऐकून त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. काकीने सुपातला एक खडा बाजूला टाकला. "कोनाला देनार कोंबरा? तुझी शपथ आईकरं हाय कुठं? तुझा भंडारा मी परत घेतला व्हता. तू पोरीची घेतलीस. आईकरची असती तं आईचे पाय धरले असते मी तुझ्यासाठी. पोरीकरची मना नाय सोरवता येत." "मग कोण सोडवणार?" "पोरगीच," काकी म्हणाली. मग मऊ आवाजात, "तू ठेवायला नको व्हता हात, जयदेवा. नाय मानत तं नाय मानत बोलून घरी जायचं. कोन खानार व्हतं तुना? भायेर उभं राह्यला लय लाजलास तू." तो उठला. बाहेर येऊन स्कूटरला किल्ली लावताना त्याच्या लक्षात आलं, की काकीने आपली आयुष्यभराची चोरी एका वाक्यात पकडली आहे. देव नको होता, पण पंगत हवी होती.

मंचाचा निखिल त्याच आठवड्यात भेटला. तरुण इंजिनिअर, मंचाचा सचिव, जयदेवला सर म्हणणारा. देवळातला व्हिडिओ फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचला होता. सीवूड्सच्या एका कॉफीच्या दुकानात त्याने तो मोबाइल टेबलावर ठेवला. स्क्रीनवर जयदेवचा हात, त्याखाली वाकलेली अर्पिता. "सर, मी जज करत नाहीये. पण मुलीच्या डोक्यावर हात? आपण नेमकं ह्याच्याच विरुद्ध बोलतो ना?" जयदेव म्हणाला, "ते काहीच नव्हतं रे. माझा विश्वास नाही म्हणूनच ठेवला." "मग मोडा," निखिल म्हणाला. "पुढच्या कार्यक्रमात स्टेजवर येऊन सांगा की मी शपथ घेतली होती, मोडली, मुलगी ठणठणीत आहे. जबरदस्त होईल सर. ती पण येईल ना?" कॉफीवरचा फेस हळूहळू बसत होता. ह्यांनाही पोरच हवी होती. तिकडे डोक्यावर हात ठेवून गावात घेतात, इकडे तोच हात काढून दाखवला की मंचात घेतात. "बघतो," तो म्हणाला. निखिलने हळूच विचारलं, "घाबरलात का सर?" जयदेवने स्कूटरची किल्ली उचलली. पुढच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत त्याचं नाव नव्हतं.

सोमवारी अर्पिता घरून काम करत होती. तो तिच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. तिने कानातला इअरफोनचा एक गोळा काढला. "काय बाबा?" त्याने सगळं सांगितलं. काकी, कोंबडा, सही, आजी. ती ऐकत राहिली आणि मग हसली, प्रेमाने हसली. "बाबा, तुम्ही? कमाल आहे. बरं, मी सोडलं. घ्या, सोडली तुमची शपथ. सही करू नका. आजीला इथून हलवलं तर ती एक महिना काढणार नाही, हे मात्र खरं आहे. मला काय होणार आहे?" ती इतकी स्वच्छ, इतकी निर्धास्त बोलली की तिला जवळ घ्यावंसं वाटलं. ही त्याचीच कमाई होती. असंच मूल वाढवायचं त्याने ठरवलं होतं. आणि त्याच क्षणी आत कुणीतरी म्हणालं, हिचं सोडणं धरत नाही. हिचा विश्वासच नाही, तर ही काय सोडवणार? जयदेव चौकट धरून उभा राहिला. तो विचार येसूकाकीचा नव्हता, गिरणीवाल्याचा नव्हता, त्याचा होता, आणि किती जुना होता कुणास ठाऊक. लॅपटॉपवरून कुणीतरी अर्पिताला हाक मारली. तिने गोळा कानात घातला, ती स्क्रीनकडे वळली आणि एकदा खोकली. रात्रीपासून घसा धरलाय, असं सकाळी चहा घेताना म्हणाली होती. एसीचा असेल. जयदेव तिथून हलला, पण कान मागेच राहिले.

ती संध्याकाळ त्याने तिचा खोकला ऐकण्यात घालवली. तर्क जागेवर होता, एक खिळाही ढिला झाला नव्हता. सहीचा आणि खोकल्याचा संबंध नाही, हे तो बेलापूरच्या सभागृहात पुन्हा सांगू शकला असता. पण तर्काला जागा डोक्यात, आणि ही भीती पोटाच्या खाली कुठेतरी होती, जिथे माइक पोचत नाही. इतकी वर्षं आपण काय मानत नाही ते तो सांगत आला होता. आपण काय मानतो, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्याने स्वतःलाही विचारलं नव्हतं. नमिता ताटं घेत होती. दिवा गावच्या कोळीवाड्यातली मुलगी, त्याच्याशी लग्न करून आली तेव्हा देव्हारा घेऊन आली होती आणि त्याला त्रास नको म्हणून तिने तो फडताळात ठेवला होता. आमटी वाढताना ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "उद्या सही करून या तुमी." तो म्हणाला, "आणि आई?" नमिताचा पळीवरचा हात थांबला. "आई म्हातारी हायत," ती म्हणाली. "माझ्याकरे एकच हाय." सोळा वर्षांत तेजसबद्दल ती बोलली ते एवढंच. जयदेवने भात कालवला.

मंगळवारी दुपारी त्याने मितेशच्या ऑफिसात सही केली. थंडगार खोली, भिंतीवर आईची तसबीर, शेजारी टॉवरचं चित्र, त्यात गवतावर खेळणारी गोरीगोमटी मुलं. मितेशने त्याला पेढा भरवला. "दादा, आता कोन बोलंल तू देव मानत नाय? खरा मानूस तूच. गिरणीवाला बघ, कोंबरा देऊन सुटला. तू शब्द पालला." बसलेली माणसं मान डोलवत होती. कुणीतरी खुर्ची दिली, कुणीतरी पाणी. नवीन देवळाच्या समितीत त्याचं नाव घालायचं ठरलं आणि सगळ्यांना ते फार योग्य वाटलं. जयदेवही बसून राहिला, पेढा खाल्ला, दुसरा घेतला. त्याला बरं वाटत होतं आणि त्या बरं वाटण्याची त्याला किळस येत होती. इतक्या वर्षांत गावात इतकं आपलं त्याला कधी वाटलं नव्हतं.

घरी आला तेव्हा उन्हं कलली होती. मागचं दार उघडं होतं. खाटेवर गोजरा पाय पसरून बसली होती, मांडीवर सुकटाची थाळी, डोळे बाहेर तिवरांकडे. जयदेव तिच्या पायाशी बसला. "आई, सही केली." तिची बोटं सुकटात फिरत राहिली, मग थांबली. "का?" तिने विचारलं. रडली नाही, ओरडली नाही. "पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होता," तो म्हणाला. "मोडवेना." म्हातारीने मान वळवून त्याच्याकडे नीट बघितलं, डोळ्यांत मोतीबिंदूचं पांढरं पाणी, जणू हा कुणी दुसऱ्याच घरचा मुलगा येऊन बसलाय.

"तेवढ्यासाठी?" ती म्हणाली. "अरे, तुझ्या बापाशी मी जलमभर खोटं बोलले, तुझ्या डोक्यावर हात ठेवून. माहेराला जाऊन आले तरी नाय गेले बोलायची. पैसे असले तरी नाय बोलायची. एकुलता एक तू, तुझाच हात... तुझंच डोकं सापरायचं मना." ती थांबली, दम घेतला. "तू जित्ता हायेस ना?"

"मग येसूकाकीचे दोरे, देवीचा भंडारा, ते सगळं?" त्याने विचारलं.

"ते तं करायचं असतं," गोजरा म्हणाली. "सगली करतान. खरं कोन धरतं?" तिने थाळी बाजूला ठेवली, खाटेच्या कडेला हात टेकून उठायचा प्रयत्न केला आणि परत बसली. "तू इचारायला पायजेल व्हतं मना," ती म्हणाली. मग तिने हात लांब करून मागचं दार लावून घेतलं.